निवतीच्या किनाऱ्यावर एक दिवस: आधी काय, मग काय

वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीला मी अनेकांना पाठवलं आहे. परत आल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात: ताजी मासळी मिळाली नाही, पोहायला गेलो तर पाणी ओढत होतं, आणि कुणीतरी उगाच ओरडलं. तिन्हींचं कारण एकच. ही मंडळी अकराला पोहोचतात, आधी पाण्यात उतरतात, मग जेवण विचारतात, मग होड्यांवर बसून फोटो काढतात आणि सूर्यास्त बघून निघतात. म्हणजे क्रम अगदी उलटा. निवती हे मासेमारीचं गाव आहे. तिथली वाळू म्हणजे गावाचं अंगण, कारखाना आणि बाजार एकाच जागी. कामाच्या वेळा समुद्र ठरवतो आणि पाहुण्यालाही त्याच वेळा पाळाव्या लागतात.

खाली एका दिवसाची आखणी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. तारकर्ली, देवबाग, आचरा अशा रापणीच्या कुठल्याही किनाऱ्याला ती आखणी थोड्या फरकाने लागू पडेल.

१. तारीख नको, तिथी बघा

सुट्टी कधी आहे हे सगळे बघतात, भरती कधी आहे हे कुणी बघत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येतील तितके वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्याच्या आधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. भरतीची वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हिशेबाचं मूळ तिथेच आहे.

हा अंदाज आहे, घड्याळ नाही. तासभर इकडेतिकडे होतो. दिवस नक्की झाला की भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवरच्या ॲपमध्ये मालवण किंवा वेंगुर्ले निवडून वेळ पक्की करा. मुंबईची वेळ निवतीला लावू नका. भरतीची वेळ किनाऱ्यागणिक वेगळी असते, आणि पाण्याच्या चढउताराचा फरकही वेगळा असतो. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो, सिंधुदुर्गात दोन मीटरच्या आसपास राहतो.

माझी पसंती तृतीया ते पंचमी, कुठल्याही पक्षातली. सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण ओहोटी असते, म्हणजे कातळावर फिरणं उन्हाच्या आत उरकतं. नंतर पाणी हळूहळू चढत असताना आंघोळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लहान मुलं बरोबर असतील तर जाऊ नका. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती सौम्य असते, मुलांना तीच बरी.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. मार्च-एप्रिल चालतो, पण दुपार भाजून काढते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडाही बंद असतात. पावसात किनारा बघायला जरूर जा, पण पायसुद्धा ओला करू नका.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने आपल्या किनाऱ्यासाठी उंच लाटांचा इशारा दिला आहे का ते बघा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा येऊन आदळतात. इशारा असेल तर आंघोळ रद्द, बाकीचा दिवस तसाच.

२. आदल्या दिवशी एक फोन

राहायची किंवा जेवायची जी जागा ठरवली असेल तिथे आदल्या संध्याकाळच्या आत फोन करा. तीन प्रश्न पुरेत.

उद्या घरात मासे शिजतात का? सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, गावची जत्रा अशा दिवशी पुष्कळ घरांत चूल शाकाहारी असते. तेव्हा हट्ट केला तर मिळेलही, पण ते घर नाराज होईल आणि तुमच्या ताटात फ्रीजमधला मासा येईल.

रापण लागते आहे का? काही दिवस लागते, काही दिवस लागत नाही. वारा, पाण्याचा रंग, माशांची चाहूल बघून पहाटे ठरतं. "सांगूक येणा नाय" असं उत्तर आलं तर ते टाळणं नव्हे, खरंच तसं असतं.

किती माणसं जेवणार? हा आकडा सांगा आणि त्यावर ठाम राहा. आठ सांगून पाच जण जाणं हे गावात फार दिवस लक्षात राहतं.

सुरमई-पापलेट हवंच असं फोनवर सांगायची सवय मोडा. "जे ताजं येईल ते करा" म्हणा. बांगडा, पेडवे, सौंदाळे, लेपे, सुंगटं, जे त्या दिवशी आलं ते. स्वस्त पडतं आणि खरोखर त्या दिवशीचं असतं. सकाळी पाण्यात पोहणाऱ्या पेडव्याचं दुपारी केलेलं तिखलं ज्याने खाल्लं, तो परत पापलेट मागत नाही.

३. पिशवीत काय

रबरी तळव्याची, मागून पट्टा असलेली सँडल. कातळावर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि साधी चप्पल लाटेत वाहून जाते. सुती, पूर्ण बाह्यांचा एक सदरा. झाकणाचा स्टीलचा डबा, मासळीसाठी. पाणी माणशी दोन लिटर. रोख पैसे, सुट्ट्यांसकट, कारण मोबाइलला रेंज असेलच असं नाही आणि मासे विकणारी मामी तुमच्या रेंजसाठी थांबत नाही. विजेरी. कचऱ्यासाठी एक रिकामी गोणी.

ड्रोन आणू नका. चिपीचा विमानतळ जवळच्या परुळ्याच्या हद्दीत आहे आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या भोवतीच्या पट्ट्यांत परवानगीशिवाय उडवता येत नाही. शिवाय रापण ओढणाऱ्यांच्या डोक्यावर घोंगावणारी ती माशी कुणालाही आवडत नाही.

४. पोहोचणं आणि गाडी

कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. तिथून परुळ्याच्या दिशेने एसटी, रिक्षा किंवा स्वतःची गाडी. एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या, संध्याकाळी नाही.

सकाळी सातच्या आत किनाऱ्यावर असायला हवं. त्यासाठी आदल्या रात्री कुडाळ, परुळे किंवा गावातच मुक्काम हवा. पहाटे कोल्हापूरहून निघून हे जमत नाही. कितीतरी जणांनी प्रयत्न केला आहे.

सावध: गाडी वाळूवर उतरवू नका. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली भुसभुशीत निघते, आणि भरती थांबत नाही. मी एकदा ही हौस केली. गाडी काढायला रापणीवरची वीसएक माणसं हातातलं काम सोडून आली, कुणी एक रुपया घेतला नाही. ती लाज मला अजून पुरते. गाडी रस्त्याच्या कडेला, पण होडी किंवा टेंपो जायची वाट सोडून लावा. नारळाच्या बागेत मोकळी दिसणारी जागा कुणाची तरी असते, विचारून लावा. आणि माडाखाली नकोच, नारळाने काच फुटली तर भांडायचं कुणाशी?

५. पहिली पंधरा मिनिटं काहीच करू नका

बहुतेक वाद या पंधरा मिनिटांत टाळता येतात. कडेला उभं राहून बघा. जाळी कुठे पसरली आहेत? मासे कुठे वाळत घातले आहेत? होड्या कुठून पाण्यात उतरतात? दोर वाळूतून कुठे गेले आहेत? काही दोर अर्धे वाळूत पुरलेले असतात.

कुणीतरी विचारेलच, "खंयसून इलास?" गावाचं नाव सांगा, कुणाकडे उतरलात ते सांगा. पुरुषांना काका किंवा दादा, बायकांना काकी किंवा मामी. मग विचारा, "काका, आम्ही कुठे बसलो तर चालेल?" या एका प्रश्नाने दिवस बदलतो.

आता न करायच्या गोष्टी. वाळूत पसरलेलं जाळं ओलांडायचं नाही, चप्पल घालून तर नाहीच. वळसा घालून जायचं. होडीच्या बाजूला आडवं बांधलेलं लाकूड म्हणजे उलांडी. ती होडीचा तोल सांभाळते, ती बाक नव्हे. तिच्यावर बसून फोटो काढणाऱ्यांमुळे बांधणी सैल होते आणि ते पाण्यात गेल्यावर कळतं. वाळत घातलेल्या मासळीजवळून ओल्या अंगाने, कुत्रं घेऊन जायचं नाही. एप्रिल-मे मध्ये पावसाळ्याची बेगमी म्हणून खारे बांगडे आणि गोलमो, म्हणजे जवळा, वाळत असतो. नाक दाबून तोंड वाकडं करणारा पाहुणा सगळ्यांना दिसतो. किनाऱ्यावरच्या घुमटीपाशी चपला काढा. काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारून, आणि नाही म्हणाल्या तर नाही.

६. रापण: बघणं, हात लावणं, बाजूला होणं

या किनाऱ्यावर सगळ्यात बघण्यासारखं काही असेल तर रापण, आणि पाहुण्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. म्हणून आधी ती कशी चालते ते समजून घ्या.

दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात राहतं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. मागे मागे चालत दोर ओढायचा, शेवटी पोहोचलं की तो सोडून पुन्हा पुढे पाण्याजवळ येऊन धरायचा. जाळं जवळ येतं तसे दोन्ही गट एकमेकांकडे सरकतात. शेवटी जाळ्याचा मधला पिशवीसारखा भाग वाळूवर येतो. जाळं टाकण्यापासून इथपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तीस-चाळीस माणसं लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात.

तुमचा क्रम असा ठेवा.

पहिला तास फक्त बघा. दोन दोरांच्या मध्ये, म्हणजे अर्धगोलाच्या आत, किनाऱ्यावरही उभं राहायचं नाही. पाण्यात तर मुळीच नाही. एक माणूस आत शिरला तर जाळ्यात येणारा थवा उलटा फिरतो. तुम्हाला वाटतं नुसते पाय भिजवले, त्यांची सकाळ गेलेली असते. आरडाओरडा होतो तो बहुधा याच वेळी.

ओढायला हात लावायचा असेल तर विचारा. "रापण ओढूक येतास?" असं त्यांनी आपणहून विचारलं तर उत्तमच. घड्याळ, अंगठ्या काढा. दोराच्या एकाच बाजूला, पुढच्या माणसाच्या मागे, त्याच्या तालात. दोर हाताभोवती किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. मागे कुणीतरी दोराचं वेटोळं घालत असतो, त्या वेटोळ्यात पाय टाकायचा नाही.

सावध: दोरावर आणि जाळ्यावर जेलीफिशचे तुकडे चिकटलेले असू शकतात. ओढून झाल्यावर तेच हात डोळ्यांना लावू नका, आधी समुद्राच्या पाण्याने धुवा.

जाळं शेवटच्या वीस-पंचवीस पावलांवर आलं की दोर सोडा आणि मागे व्हा. आता घाई असते. खालचा दोर वाळूला दाबून ठेवायचा, वरचा उचलून धरायचा, नाहीतर मासे निसटतात. नवख्याच्या हाताने इथे नुकसानच होतं. नेमक्या याच क्षणी पाहुणे मोबाइल घेऊन पुढे घुसतात. "जाळ्यार पाय देव नकात!" हे वाक्य मी ऐकलं नाही अशी रापण आठवत नाही.

वाळूवर पडलेले मासे हाताळू नका. शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे, पाकटाच्या शेपटीचा काटा, हे मासा मेल्यावरही टोचतात. मुलांना इथे हाताला धरून ठेवा.

दोर ओढला म्हणजे मासळीवर हक्क आला असं नाही. दिलीच कुणी ओंजळभर तर डबा पुढे करा. पैसे काढू नका, त्याने देणाऱ्याचा अपमान होतो. विकत हवी असेल तर पुढची पायरी.

७. मासळी घेणं

वाटणी आणि लिलाव संपेपर्यंत थांबा. मध्येच जाऊन "हा मोठा कितीला?" विचारणारा बोली बिघडवतो. नंतर बायका वाटे लावून बसतात. छोटी मासळी किलोवर नाही, वाट्यावर मिळते. मोठा मासा नगावर.

कल्ला उचलून बघा, लाल हवा. डोळा फुगीर आणि चमकदार हवा, आत गेलेला नको. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. किनाऱ्यावर हे बघायची वेळ फारशी येत नाही, पण दुपारनंतर बर्फातला माल येतो तेव्हा येते. भाव एकदा विचारा, थोडं कमीजास्त करा आणि घ्या. शहरातल्या मासळी बाजारासारखी ओढाताण इथे करू नका. समोरच्या मामीचा मुलगा पहाटे चारपासून दोरावर असतो.

मासळी घेतली की लगेच जेवणाच्या घरी पोहोचवा. दोन तास उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून मग "ताजी आहे" म्हणू नका.

८. पाण्यात उतरणं

आता आंघोळ. तृतीया-पंचमीचा दिवस धरला असेल तर अकरा ते एक ही वेळ योग्य, पाणी चढत असतं. ओहोटी लागल्यावर पोहायला उतरू नका, त्या वेळी पाणी बाहेर खेचतं.

जागा कुठली, हे गावातल्या माणसाला विचारा आणि तो सांगेल तिथेच. उत्तरेला भोगव्याच्या लांब किनाऱ्याच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे देवबाग. दिसायला ती जागा तळ्यासारखी शांत असते, पण ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. तिथे पोहायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

उतरण्याआधी दहा मिनिटं लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटतात आणि मधल्या एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी जरा गडद किंवा वाळूने गढूळ दिसतं, फेस समुद्राकडे जाताना दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नाही. ती ओढीची जागा. तिच्यापासून लांब राहा.

कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे नको. होड्यांची वाट, दोर, पाण्यावर तरंगणारे बोये यांच्या जवळ नको. जेवून लगेच नको, पिऊन कधीच नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवर घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट आधीच निघून जातं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम तिथेच संपतो. तरंगत राहा, हात वर करून ओरडा, जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला पोहा आणि ओढ संपली की लाटांबरोबर किनाऱ्याकडे या. बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि मच्छीमारांना हाका मारा.

तपासा: हे नंबर मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवा. आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४.

काटा टोचला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते, मग डॉक्टर. काटा खोल घुसून अडकला असेल तर उपटू नका. जेलीफिश लागली तर समुद्राच्या पाण्याने धुवा, चोळू नका, गोडं पाणी लगेच ओतू नका. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

९. कातळ आणि किल्ला

कातळ सकाळच्या ओहोटीचा, म्हणजे वेळेच्या हिशेबाने हा भाग आंघोळीच्या आधी येतो. रापण लागली असेल तर ती आधी, कातळ दुसऱ्या दिवशी. दोन्ही कोंबू नका. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी जा आणि पाणी फिरलं की परता. निवती किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याने खडकांवरून पलीकडे जायचा मोह होतो. भरती लागली की मागची वाट आधी बुडते, पुढची दिसत राहते. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय नको. डबक्यातले शंख, खेकडे बघा आणि तिथेच ठेवा. शंखात कुणीतरी राहत असतं.

किल्ला दुपारी चारनंतर. चढ छोटा आहे. वरून उत्तरेला भोगव्याचा किनारा आणि समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह दिसतं. सकाळी न कळलेली रापणीची मांडणी संध्याकाळच्या होड्यांवरून इथे नीट कळते. तटाच्या कडेला माती सुटी आहे, सेल्फीसाठी टोकावर जाऊ नका. सूर्य टेकला की उतरायला लागा. डिसेंबरात सहा-सव्वासहानंतर अंधार झपाट्याने पडतो.

१०. अंधार पडल्यावर

किनाऱ्यावर शेकोटी, गाणी, फटाके नकोत. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला याच किनारपट्टीवर येतात. उजेड दिसला तर मादी अंडी न घालता परत फिरते आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे चालू लागतात. कासव दिसलंच तर विजेरी बंद करा, मागे दूर बसा, गावात कळवा. फोटो नाही, हात नाही. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंडी उचलणं हा गंभीर गुन्हा ठरतो.

निघण्याआधी गोणी भरा. आपला कचरा गोणीत, आणि वाटेत दिसले तर नायलॉन जाळ्याचे तुटके तुकडेही. फक्त एक विचारून घ्या: तुम्हाला फाटकं वाटलेलं जाळं कुणीतरी उद्या विणायला बाजूला ठेवलेलं असू शकतं.